राजद्वार ते वर्गणीदार

ग्रंथ रचणे निराळे आणि तो लोकांपर्यंत नेणे निराळे. आमच्या वाङ्मयाचे इतिहासकार पहिल्या गोष्टीविषयी पुष्कळ लिहितात. दुसरीविषयी मात्र क्वचितच बोलतात. जणू काय कवीने ओवी रचली की ती आपल्या पायांनी चालत घरोघर जाऊन बसत असावी! वस्तुतः प्रत्येक काळात लेखकाला आपला श्रोता किंवा वाचक शोधावा लागला, त्यासाठी कोणाच्या तरी दारी उभे राहावे लागले आणि त्या दाराची काही किंमतही मोजावी लागली. ही किंमत किती द्यावी आणि कोणती प्राण गेला तरी देऊ नये, हा प्रश्न आजच्या स्वतंत्र लेखकाला जितका छळतो तितकाच अडीचशे वर्षांपूर्वीच्या कवीलाही छळीत होता. गोमंतक, सावंतवाडी, ग्वाल्हेर, पुणे आणि मुंबई या स्थळांशी निगडित असलेल्या काही उदाहरणांवरून या प्रश्नाचा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आरंभ देवळाच्या सभामंडपापासूनच केला पाहिजे. छापखाना येण्यापूर्वी मराठी काव्याच्या प्रसाराची मुख्य साधने तीन : कीर्तन, पुराण आणि भजन. कीर्तनकाराला बिदागी मिळे, पुराणिकाला दक्षिणा मिळे; ज्याची कविता हे दोघे गात व वाचीत, त्या कवीला मात्र बहुधा काहीच मिळत नसे. त्याचे काय राही, तर अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रा. ही नाममुद्रा म्हणजे आमच्या वाङ्मयातील लेखकाची सर्वांत जुनी खूण होय. हे बोल कोणाचे, त्यांना जबाबदार कोण, हे श्रोत्याला तेथे कळे. आणि नाव मोठे झाले की त्याचा दुसऱ्याकडून वापर होतो, हा अनुभवही तेव्हापासूनचाच. नामदेवांच्या व तुकोबांच्या मुद्रेखाली किती परक्या रचना शिरल्या, याचा निवाडा करताना आमच्या संशोधकांच्या पिढ्या दमल्या. लोकांत मान्य झालेल्या नावाचा आधार घेऊन आपले काव्य पुढे ढकलणारे ते अनाम कवी प्रसार साधून गेले खरे. परंतु स्वतः मात्र कायमचे नाहीसे झाले.

पोथीची वाटही अशीच. ताहराबादच्या महिपतींनी शके १६८४ मध्ये, म्हणजे सन १७६२ त, ‘भक्तविजय’ पुरा केला. पुढे तो घरोघरी आणि देवळोदेवळी वाचला गेला. कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी तो आपल्या हाताने उतरून घेत होता. नक्कल करणारा श्रोता हाच त्या काळचा प्रकाशक, आणि त्याने खर्चिलेली शाई व तेल हीच ग्रंथाची वर्गणी होती.

पण सभामंडपाच्या शेजारीच राजद्वारही होते, आणि तेथील कसोटी अधिक कठीण असे. सोहिरोबानाथ आंबिये यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. सन १७१४ मधला त्यांचा जन्म. घराणे मूळचे पेडण्याकडील पालये गावचे, वास्तव्य सावंतवाडीजवळ बांदे येथे आणि वृत्ती कुळकर्णाची. परंपरा सांगते की, दरबारच्या बोलावण्यावरून लगबगीने जात असता वाटेत इन्सुलीपाशी ते विसावले, बरोबरचा फणस फोडला, तोच एका नाथपंथी योग्याने येऊन वाटा मागितला. आणि त्या भेटीनंतर कुळकर्णाची लेखणी त्यांच्या हातून गळून पडली. पुढे ‘सिद्धांतसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’ यांसारखे ग्रंथ आणि शेकडो पदे त्यांनी रचली. उत्तर वयात ते उत्तरेकडे गेले. तेथे पेडण्यातील केरी गावचे जिवबादादा केरकर शिंद्यांचे बक्षी होते. आपल्या मुलखातील या सत्पुरुषाची महादजी शिंद्यांशी गाठ घालून द्यावी, असे त्यांच्या मनात आले. महादजी स्वतः भक्तिपर कविता करीत. त्यांनी आपली कविता नाथांपुढे ठेवली आणि अभिप्राय विचारला.

येथे एका वाक्यात साऱ्या आयुष्याची तरतूद झाली असती. हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे ज्याच्या हाती, त्याच्या कवितेला ‘उत्तम’ म्हणणे एवढेच काय ते काम! परंतु परंपरेतील कथा अशी की, नाथांनी ती कविता आवडली नसल्याचे स्पष्ट सांगितले, आपल्याला कोणाची गरज नाही अशा आशयाचे पद तेथल्या तेथे म्हटले आणि ते निघून गेले. सन १७९२ च्या सुमारास उज्जैन येथे ते अंतर्धान पावले असे मानतात. या कथेतील शब्दन् शब्द इतिहासाच्या कसाला उतरेल असा आमचा आग्रह नाही. पण समाजाने कोणती कथा दोन शतके जपून ठेवली, हेही इतिहासाचेच साधन होय. नाथांची पदे आज कोकणात आणि गोमंतकात भजनाच्या बैठकीत गायिली जातात, पेडणे तालुक्यातील शासकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांना राजाश्रय लाभला असता तर याहून अधिक काय मिळाले असते?

तथापि आश्रय म्हटला की तो अधःपात, असा सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मोरोपंतांना बारामतीकर नाईकांचा आश्रय होता आणि त्या निर्वेध स्वास्थ्यातच त्यांची अफाट काव्यरचना झाली. मात्र मोरोपंतांच्या आर्या महाराष्ट्रभर झाल्या त्या नाईकांमुळे नव्हेत. त्यांना पाय फुटले ते कीर्तनकारांमुळे. तमाशाचा फड गाजवून मग कीर्तनाकडे वळलेल्या रामजोशांसारख्या कलावंताने त्या आपल्या कीर्तनात घेतल्या, म्हणून जनसामान्यांच्या कानी पडल्या. पोटाची सोय एकाकडे आणि प्रसाराची सोय दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती. अन्नदाता आणि श्रोता एकच असला म्हणजे कवीची मान वाकण्याचा संभव वाढतो. ते वेगळे असले तर ती ताठ राहू शकते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती वारंवार येणार आहे.

पेशवाई बुडाली आणि राजद्वाराचे रूप पालटले. विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासी वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी प्रथम चालू ठेवली, पुढे तिचे मार्ग बदलले. त्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस लावावा असा अर्ज पुण्यातील सुधारकांनी सन १८४९ त केला, त्यावरून शहरात मोठी खळबळ उडाली, आणि सन १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठीत ग्रंथ लिहा, पसंत पडला तर बक्षीस घ्या, अशी ही योजना. तिच्यामुळे पुष्कळ उपयुक्त भाषांतरे व शास्त्रीय पुस्तके निर्माण झाली, हे मान्य केले पाहिजे. पण ‘पसंत पडला तर’ या तीन शब्दांत सारे मर्म आहे. जोतीराव फुले यांनी सन १८५५ त ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीपुढे ठेवले. ते तिने पत्करले नाही. हे नाटक जोतीरावांच्या हयातीत छापून निघाले नाही. परंतु त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. सन १८६९ मध्ये शिवाजीमहाराजांचा पोवाडा आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी लोकांपुढे आणली. आणि कमिटीच्या नापसंतीची ती हकीकतही त्याच ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली. जोतीरावांची मते आमच्या वाचकांपैकी सर्वांना रुचतील असे नाही. पण परीक्षकाला रुचेल तेवढेच लिहावे, हा नियम त्यांनी पाळला असता तर एका मोठ्या समाजाचे दुःख तितकी वर्षे अधिक मुके राहिले असते, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

आता आम्ही या लेखाच्या मुख्य नायकाकडे वळतो. सन १८७४ त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते २३ वर्षांचे होते आणि सरकारी शाळेत शिक्षक होते. मासिक म्हटले म्हणजे चार लेखकांचा मेळा, असा आज आमचा समज. मालेत मात्र एकच हात होता. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती, इतिहास, वक्तृत्व, विद्वत्त्व आणि कवित्व अशा विषयांवर या एकट्या गृहस्थाने सात वर्षांत ८४ अंक भरून काढले. ना दक्षिणेचे बक्षीस, ना संस्थानिकाचा आश्रय. मदार होती ती केवळ आगाऊ वर्गणी भरून अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकांवर.

याच मालेत त्यांनी इंग्रज ग्रंथकार डॉक्टर जॉन्सन याचे विस्तृत चरित्र लिहिले. त्याच्या ‘रासेलस’ या कथेचे वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिलेले भाषांतरही त्यांनीच पुरे केले. जॉन्सनविषयी त्यांना एवढा ओढा का वाटावा, याचे एक कारण आम्हांस असे दिसते. जॉन्सनने पुस्तकविक्यांकडून मोबदला घेऊन कित्येक वर्षे खपून इंग्रजीचा कोश रचला. काम चालू असता ज्या अमीराने ढुंकून पाहिले नाही, तो कोश बाहेर पडण्याच्या वेळी कौतुक करण्यास पुढे सरसावला; तेव्हा सन १७५५ च्या फेब्रुवारीत त्याला पत्र लिहून जॉन्सनने तो उशिराचा आश्रय नाकारला. इंग्रज ग्रंथकाराने अमिराचे दार सोडून वाचकाचे दार धरल्याची ही ठळक खूण समजली जाते. पुण्यात ती खूण विष्णुशास्त्र्यांच्या मालेने उमटविली.

परंतु शाळेची नोकरी आणि मालेची लेखणी यांचा मेळ फार दिवस बसणे शक्य नव्हते. सन १८७८ मध्ये त्यांची बदली रत्नागिरीस झाली. मालेतील तिखट लिखाणाचा हा परिणाम होय असे त्यांचे चरित्रकार मानतात. पुढल्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरच्या त्यांच्या हालचाली ज्याने त्याने बारकाईने पाहाव्या अशा आहेत. भावनेच्या भरात नोकरी सोडून ते वर्गणीदारांच्या दयेवर पडून राहिले नाहीत. दिनांक १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. आर्यभूषण छापखाना उभा राहिला. पुस्तकविक्रीसाठी किताबखाना निघाला. चित्रशाळेचा प्रारंभ त्याआधीच, सन १८७८ त, झाला होता. सन १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. म्हणजे लिहिणे, छापणे, विकणे आणि वाचणारा वर्ग शिकवून तयार करणे, ही साखळीची सारी कडी या मंडळींनी आपल्या हाती घेतली. छापखान्याच्या स्थलांतरात टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहिल्याची आठवण प्रसिद्धच आहे. छापखाना दुसऱ्याचा असला तर काय छापावे हेही कधी ना कधी दुसराच ठरवितो, हे त्यांना पुरते उमगले होते.

त्यांतही चित्रशाळेचे उदाहरण आमच्या देवस्थानी वाचकांना विशेष जवळचे वाटेल. रामपंचायतन आणि अन्य देवतांची तिची रंगीत चित्रे महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत देवघराच्या भिंतीवर पूज्य भावाने लागली. लोकांना जे हवे होते ते तेथे चांगल्या रूपात आणि रास्तपणे विकले गेले. आणि निबंधात जे लिहावयाचे ते लोकांना हवे की नको हे न पाहता लिहिले गेले. मोरोपंतांच्या संबंधात आम्ही जी विभागणी सांगितली, तीच ही. जे विकावयाचे ते खुशाल विकावे, पण मत विकाऊ असू नये.

विष्णुशास्त्री सन १८८२ च्या मार्चमध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षात, निवर्तले. मालेतील त्यांचा अखेरचा दीर्घ निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’ सरकारने १९१० त जप्त केला आणि ती बंदी १९३७ मध्ये उठली. लेखकाच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनीही ज्याचे भय वाटावे, ते लिखाण कोणाच्या मर्जीसाठी लिहिलेले नव्हते, याचा याहून निराळा पुरावा नको.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. स्वतंत्र लेखणी ही न्यायी असेलच असे नाही. याच मालेतून विष्णुशास्त्र्यांनी जोतीरावांवर अत्यंत उपहासाने टीका केली. व्याकरणाच्या चुका दाखविताना त्या लिखाणामागील वेदना त्यांनी पाहिली नाही. शिवाय जो लेखक वर्गणीदारांवर जगतो, त्याला एक नवा धोका असतो. वर्गणीदार ज्या वर्गाचा, त्याच वर्गाचे डोळे हळूहळू लेखकाला येतात. राजा एक असतो, त्याचे दडपण दिसते. हजार वाचकांचे दडपण दिसत नाही, म्हणून ते अधिक खोल जाते.

ते दडपण झुगारून देणारा पुरुषही त्याच मंडळींत निघाला. गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे संपादक होते, पत्राला वाचकवर्ग लाभला होता. पण सामाजिक सुधारणेविषयीची आपली मते त्या पत्रातून मोकळेपणी मांडता येत नाहीत असे दिसताच त्यांनी ते सोडले आणि सन १८८८ त ‘सुधारक’ काढले. तयार वाचक मागे ठेवून पुन्हा पहिल्या वर्गणीदारापासून आरंभ केला. पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. सन १८९५ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. खपाच्या हिशेबाने पाहिले तर हा व्यवहार तोट्याचा. पण आज त्या काळाचा इतिहास ‘सुधारका’ला वगळून लिहिता येत नाही.

हरि नारायण आपट्यांनी तिसरी वाट धरली. सन १८९० त त्यांनी साप्ताहिक काढले आणि त्याचे नावच ‘करमणूक’ ठेवले. नाव वाचून घरातील बायकामुलांनी ते हाती घ्यावे, असे ते साधेसुधे, गोड नाव. आत मात्र ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि एका बालविधवेची करुण कहाणी पुण्याच्या माजघरांत आठवड्याआठवड्याने वाचली जाऊ लागली. पुढे काय होणार या उत्कंठेने वाचक बांधला गेला. पण त्या उत्कंठेसाठी सत्य कोठेही गोड केले गेले नाही. हरिभाऊंच्या चरितार्थाचा आधार निराळा होता. त्यांच्या चुलत्यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था ते पाहत. ज्या आनंदाश्रमाच्या संस्कृत ग्रंथावलीतील पुस्तके आमच्या मठमंदिरांतील शास्त्रीमंडळींच्या नित्य परिचयाची आहेत, तोच हा. कादंबरीच्या खपावर चूल पेटत नसल्यामुळे कादंबरीत कोणाची खुशामत करण्याचे त्यांना कारण पडले नाही. ‘करमणूक’ २७ वर्षे चालली.

आणखी एक नाव आमच्या मुलखाशेजारचे. काशीनाथ रघुनाथ आजगावकर हे सावंतवाडीकडील आजगावच्या घराण्यातले. बंगाली साहित्याच्या प्रेमाने त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले आणि सन १८९५ त मुंबईत ‘मनोरंजन’ मासिक काढले. सन १९०९ मध्ये त्यांनी मराठीतील पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला. नाताळात इंग्रजी नियतकालिके खास अंक काढीत, ती कल्पना त्यांनी उचलली. पण तिला घर दिले ते मराठी सणाचे. फराळ, नवे वस्त्र आणि त्यांच्या जोडीला नवे वाचन, अशी सवय एका समाजाला त्यांनी लावली. आज शंभराहून अधिक वर्षे ती टिकून आहे आणि तिने किती लेखकांना पहिला वाचक मिळवून दिला याची गणती नाही. लोकांच्या जीवनात आधीच जी वेळ आनंदाची आहे, त्या वेळी आपला ग्रंथ घेऊन जावे, ही त्यांची युक्ती. सभामंडपातील कीर्तनकाराने उत्सवाची रात्र निवडावी, त्याच जातीची ती होती.

गोमंतकातील लेखकाची वाट याहून बिकट. पोर्तुगीज प्रजासत्ताक सन १९१० त स्थापन झाल्यावर येथील हिंदूंना काहीसा मोकळा श्वास घेता आला. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ त ‘भारत’ हे पत्र काढले आणि खटल्यांना तोंड देत चालविले. सालाझारशाहीत पुढे छपाईपूर्व तपासणीचा जाच आला. डिचोलीस जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, मुंबईत नोकरी करीत आणि कोंकणीत लिहीत. त्या काळी कोंकणी पुस्तकाला गिऱ्हाईक ते किती असणार! सन १९४६ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत त्यांनी लिहिणे सोडले नाही. मराठी-कोंकणीच्या वादात कोणाचे मत काहीही असो, वाचक नसलेल्या ठिकाणी वाचक घडविण्याचा तो निर्धार दोन्ही भाषांच्या लेखकांनी वंदनीय मानावा.

या साऱ्या इतिवृत्तातून आम्हांस काय दिसते? आपला ग्रंथ लोकांना सांगणे, त्याची किंमत मागणे, वर्गणीदार गोळा करणे, यांत हीनपणा मुळीच नाही. विष्णुशास्त्र्यांनी ते केले, हरिभाऊंनी केले, मित्रांनी तर त्याचा उत्सव केला. हीनपणा येतो तो ग्रंथ विकता विकता ग्रंथातील वाक्य बदलले जाते तेव्हा. हे टाळण्यासाठी यांपैकी प्रत्येकाने काही ना काही तजवीज केली होती : कोणी गरजा कमी ठेवल्या, कोणी पोटाचा धंदा वेगळा ठेवला, कोणी छापखाना आपला केला, आणि आगरकरांनी वेळ येताच वाचकांचा जमाव सोडून देण्याची तयारी ठेवली. लेखकाचे सत्त्व केवळ त्याच्या मनोनिग्रहावर टिकत नाही. त्याला अशा व्यवहारी कुंपणाची गरज असते.

आजच्या लेखकाच्या हाती छापखाना तर आहेच, वर हातातील फोनही आहे. कोणाच्या परवानगीवाचून तो एका क्षणात बेळगाव, इंदूर, बडोदे आणि हैदराबाद येथील वाचकापुढे उभा राहू शकतो. पण तेथेही किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, हे आकडे क्षणोक्षणी डोळ्यांपुढे नाचतात, आणि हजार वाचकांचे जे दडपण पूर्वी वर्षाअखेरीस जाणवे ते आता तासातासाला जाणवते. महादजींपुढे सोहिरोबांना एकदाच उत्तर द्यावे लागले. आजच्या लेखकाला ते रोज द्यावे लागते.

शेवटी दोन शब्द वाचकांसाठी. लेखकाने प्रामाणिक राहावे अशी अपेक्षा करणारे आम्ही सारे त्याच्या प्रामाणिकपणाचा खर्च कोणी सोसावा याचा विचार करीत नाही. पुस्तक भेट म्हणून मागतो, मासिक शेजाऱ्याकडून आणून वाचतो आणि वर्गणीचे स्मरणपत्र आले की रागावतो. देवळाच्या उत्सवात समया, मंडप आणि महाप्रसाद यांसाठी आमच्या समाजाचा हात कधी आखडला नाही. त्याच उत्सवात मंडपाच्या कडेला आपल्या गावचा कोणी लेखक चार पुस्तके मांडून बसला असेल, तर त्याच्यापाशी थांबावे, पुस्तक चाळावे, आवडले तर पूर्ण किंमत देऊन घ्यावे आणि न आवडले तर तसे मोकळेपणी सांगावे. महादजींनी विचारले ते नाथांनी खरे सांगितले. लेखकाने विचारले तर वाचकानेही तितकेच खरे सांगावे.